वाचकांचे प्रश्न : मामा तलावातली मरळ

प्रश्न : आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात पावसाळ्यात मरळ गळाला लागते, डिसेंबरात मात्र तासन्‌तास बसूनही नाही. मासे जातात कुठे? (एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव)

उत्तर : जात कुठेच नाहीत, भूक मंदावते. पाणी गार झालं की मरळ चाऱ्यामागे धावत नाही. त्यामुळे पहाटे तलावाच्या पाळीवर (बांधावर) कुडकुडत बसून उपयोग नाही. अकरा ते तीनच्या उन्हात, वारा पडलेला असताना, बेशरमाच्या झुडपांलगतचा उथळ काठ धरा. मरळीचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, हवा घ्यायला तिला वर यावंच लागतं. बुडबुडे दिसले की त्याच्या हातभर पुढे गांडुळांचा झुबका किंवा बोटाएवढी मेलेली मासोळी सोडा आणि हलवू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी तापू लागतं, मरळ खायला उठते. आमच्या मते गळासाठी हाच काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये पाणी आटून तुडुमाजवळच्या (तलावातून पाणी सोडायच्या तोंडाजवळच्या) खोल भागात गोळा होतं. तेव्हा उन्हं चढण्याआधी किंवा दिवेलागणीला बसा. पावसाळ्यात मरळ तलावात पाणी शिरतं त्या तोंडाशी आणि तिथून धानाच्या बांध्यांतही जाते. तेव्हा लागते खरी, पण पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर तिथे गळ टाकूच नका. खाली त्यांना राखणारे आईबाप असतात. ते उचलले की पिल्लं इतर माशांच्या पोटात जातात.

प्रश्न : रबरी बेडकावर मरळ जोरात झडप घालते, पण दर वेळी सुटते. गळ बोथट आहे का?

उत्तर : असू शकतो. टोक नखावर टेकवा. घसरलं तर कानशीने घासा. पण बहुतेकदा चूक घाईची असते. पाणी उसळताच काठी ओढली तर बेडूक तोंडातून निसटतो. मनात दोन-तीन मोजा, दोरी ताणली गेली की मगच जोरात झटका द्या. रबर दबून गळाची टोकं बाहेर येतात ती या झटक्यानेच. मरळीचं तोंड हाडाळ असतं, म्हणून लवचिक बांबूने गळ रुतत नाही. आखूड, ताठ काठी घ्या. दोरी ३० ते ४० पौंडांचा ताण सोसणारी, विणलेली. साधं नायलॉन ताणतं, शिवाय गवतात आणि दातांवर घासून तुटतं. लागलेली मरळ लगेच शेवाळाबाहेर ओढा, ढील दिलीत की गेली.

प्रश्न : मरळीसाठी कणकेच्या गोळ्या चालतील का?

उत्तर : नाही, ती शिकारी जात आहे. कणकेत शेंगदाण्याची ढेप मिसळून रोहू, मृगळ धरा. त्यासाठी बारीक गळ हवा. मात्र कोणताही गळ टाकण्याआधी तलावाचा ठेका घेतलेल्या मच्छीमार संस्थेला विचारा. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतला तलाव असेल तर विचारायलाही जाऊ नका.