पाहुणीची वाटी

पत्र, थोडक्यात: ताई, मी शहापूर, बेळगावची. लग्नानंतर बारा वर्षं बर्मिंगहॅमला होते. नवरा तिथलाच, त्याचे आईवडील जमैकाहून आलेले. बाबा आजारी पडले म्हणून आठ महिन्यांपूर्वी अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी आले; नवरा नोकरीपायी तिकडेच. हिचा रंग, हिचे केस, रस्त्यात लोक वळून बघतात. पोर गप्प होत चालली आहे. आईवडील वेगवेगळ्या वंशांचे असलेल्या मुलांवर चांगली पुस्तकं निघतात म्हणे, कोणती देऊ? घरात तिचे लाड होतात, बाबांच्या गोळ्याही तीच वेळेवर देते. कुणी विचारलं तर आई 'पाहुण्यांची पोर' सांगते, उगाच फाटे नकोत म्हणून. परवा शेजारच्या काकूंनी 'तुमच्या पाहुणीला' म्हणत वाटीभर कुंदा पाठवला, तर हिने हात लावला नाही. गोडाचा कंटाळा असेल. शिवाय ती इथल्यासारखं 'मी येतो, मी जातो' बोलायला लागलीय. सुधारू का?

उत्तर:

तुमच्या दोन पानांत पुस्तकांवर दीड पान आणि कुंद्यावर दीड ओळ. मी त्या दीड ओळीपाशीच अडकले. बेळगावचा कुंदा, तोही शेजारून आलेला, आणि अकरा वर्षांचं पोर बोट बुडवत नाही! कंटाळा कसला? अहो, तो कुंदा तिला आलाच नव्हता, पाहुणीला आला होता. तिने ऐकलं, आणि वाटी तशीच ठेवली.

पाहुणी चार दिवस असते, फार तर दिवाळीची सुट्टी. आजोबांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ असलेली पाहुणी मी तरी पाहिलेली नाही. तुमच्या आई प्रेमळ असतील. असोत. गल्लीत नातीला परकी करायचं आणि घरात येऊन तिच्या भातावर तूप वाढायचं, हे पोरीला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? आणि आई असं बोलतात तेव्हा तुम्ही कुठे असता? 'उगाच फाटे नकोत' हे आईंचं की तुमचं, पत्रावरून समजलं नाही, म्हणून दोघींच्या नावावर टाकते.

पुस्तकं आहेत, चांगली आहेत. अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी करणारे राज्यांचे कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द केले, आणि १९७३ मध्ये अर्नल्ड अडॉफ यांचं 'ब्लॅक इज ब्राउन इज टॅन' हे चित्रपुस्तक आलं. काळी आई, गोरे बाबा, दोन मुलं. अडॉफ स्वतः गोरे, बायको कृष्णवर्णीय लेखिका व्हर्जिनिया हॅमिल्टन. म्हणजे घरचंच चित्र. तुमच्या लेकीला ते लहान पडेल. तिला शेरॉन ड्रेपर यांचं 'ब्लेंडेड' (२०१८) द्या. नायिका अकराच वर्षांची, आईबाप विभक्त, एक आठवडा या घरी, एक त्या घरी. त्यात पोलिसांचा एक प्रसंग अंगावर येणारा आहे, आधी तुम्ही वाचा. आणि उमा कृष्णस्वामी यांचं 'स्टेप अप टू द प्लेट, मारिया सिंग' (२०१७) आणाच. १९४५चं कॅलिफोर्निया, पंजाबी बाप, मेक्सिकन आई, सॉफ्टबॉलचं वेड लागलेली मारिया. आणि कायद्यामुळे बापाला जमीन स्वतःच्या नावावर करता येत नाही.

पण एक सांगते. अडॉफच्या त्या छोट्या पुस्तकात दोन्हीकडच्या आज्या आहेत, नातवंडांना कवेत घेणाऱ्या. असलं काही वाचता वाचता तुमची लेक मान वर करून स्वतःच्या आजीकडे बघेल, तेव्हा काय करणार आहात?

गल्लीची इतकी भीती तरी कशाला? एका घरात आई कानडी आणि बाप मराठी, पोरं दोन्हीकडचं बोलणारी, हे बेळगावात कुणाला नवीन आहे? खानापूरच्या बाजूला रानात आफ्रिकी वंशाचे सिद्दी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. हां, शहापूरच्या गल्लीला हा रंग नवीन असेल, लोक बघतील. बघू देत. बघणाऱ्यांपेक्षा लपवणारी माणसं पोरीला जास्त बोचतात.

ती वाटी अजून तुमच्याच मांडणीत असेल. शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत, हे तुमच्या आईंना सांगायला नको. तर उद्या संध्याकाळी ती भरा. काय घालायचं ते लेक ठरवेल. तिच्या बाबांना फोन लावून त्यांच्या जमैकाकडचा नारळाच्या दुधातला राजमा-भात करू म्हणाली, तर तो. वाटी तिच्या हातात, शेजारी आजी, मागे तुम्ही. काकूंच्या दारात आईंनी म्हणायचं, "ही माझी नात. लेकीची लेक. हिचे बाबा बर्मिंगहॅमला असतात." आईंचं तोंड उघडलं नाही तर तुमचं उघडा, त्यांच्यासमोरच. पुस्तकांची ऑर्डर त्यानंतर करा. दुसरा उपाय माझ्याकडे मागू नका.

निघताना मात्र पोरीलाच बोलू द्या. ती "येतो काकू" म्हणेल. आपल्याकडच्या बायका असंच म्हणतात, मीही घरी असंच म्हणते, लिहिताना तेवढी सांभाळते. ते सुधारायला जाऊ नका.