ब्रिटनमध्ये पत्रकारितेसाठी येण्यापूर्वी

तुमचे सविस्तर पत्र मिळाले. कोल्हापुरातील एका मराठी दैनिकात सहा वर्षे महापालिका आणि न्यायालय या दोन विषयांची बातमीदारी केल्यावर आता ब्रिटनमध्ये पत्रकारितेचे एक वर्षाचे एम. ए. करावे, त्यासाठी वडिलांचे घर तारण ठेवून कर्ज काढावे आणि पुढे येथेच एखाद्या वृत्तपत्रात किंवा वाहिनीत स्थिरावावे, असे तुमच्या मनात आहे. येथील माध्यमांची खरी अवस्था काय, असे तुम्ही विचारले आहे. मी २००९ मध्ये पुण्याहून येथे आलो. आधी एका प्रादेशिक वृत्तपत्रात, नंतर वाहिनीच्या डेस्कवर आणि आता मुक्त उपसंपादक म्हणून काम करतो. घर तारण ठेवण्याची गोष्ट असल्यामुळे थोडक्यात उत्तर देणे मला योग्य वाटत नाही.

सर्वांत महत्त्वाची अडचण आधी सांगतो, कारण विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत ती कधीही सापडत नाही. येथील वृत्तकक्षांत नवख्या माणसाचा प्रवेश बहुधा शिफ्टने होतो. आठवड्यातून दोन दिवस एका ठिकाणी, एक रात्र दुसरीकडे, कोणी रजेवर गेले की तीन आठवडे सलग, असे करत वर्ष-दोन वर्षांत संपादकांना तुमचे काम पटले, तर कायम नोकरीचा विषय निघतो. व्हिसाच्या नियमांना मात्र ही वाट मुळीच मानवत नाही. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच नोकरी करता येते आणि मुक्त पत्रकार म्हणून स्वतंत्र काम करण्यास मनाई आहे. म्हणजे ज्या वर्षी ओळखी व्हायला हव्यात, त्याच वर्षी एखादा लेख पैसे घेऊन लिहिणेही नियमात बसत नाही. त्यानंतरच्या, म्हणजे शिक्षण संपल्यावर कामासाठी मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर ती मोकळीक मिळते, पण त्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एम. ए. धारकांसाठी ती १८ महिन्यांवर येणार आहे. ती संपल्यावर राहायचे, तर प्रायोजकत्वाचा, म्हणजे परदेशी माणसाला नोकरीवर घेऊन त्याच्या व्हिसाची हमी देण्याचा सरकारी परवाना असलेल्या संस्थेत नोकरी हवी. जुलै २०२५ पासून त्यासाठी वर्षाला ४१,७०० पौंड, आणि नव्याने नोकरीत येणाऱ्यांसाठी किमान ३३,४०० पौंड वेतनाची अट आहे. स्थानिक वृत्तपत्रातील शिकाऊ बातमीदाराचे वेतन सहसा या सवलतीच्या रकमेलाही पोचत नाही. मी आलो तेव्हा शिक्षणानंतर दोन वर्षे निर्वेध काम करता येत असे आणि त्या दोन वर्षांतच माझे बस्तान बसले. माझ्या अनुभवावरून तुम्ही स्वतःचा अंदाज बांधू नये, असे मी कळकळीने सांगतो.

शिवाय नोकऱ्याच कमी होत आहेत. मिरर, एक्सप्रेस आणि अनेक शहरांची वृत्तपत्रे ज्या रीच कंपनीकडे आहेत, तिने सप्टेंबर २०२५ मध्ये संपादकीय विभागातील ३२१ पदे कमी करण्याची योजना जाहीर केली. त्याआधी २०२३ च्या नोव्हेंबरातही अशीच मोठी कपात झाली होती. लंडनचे इव्हनिंग स्टँडर्ड सप्टेंबर २०२४ मध्ये दैनिकाचे साप्ताहिक झाले. ऑब्झर्व्हर हे १७९१ पासूनचे रविवारचे वृत्तपत्र गार्डियन समूहाने टॉर्टॉइज मीडिया या ऑनलाइन वृत्तकंपनीला विकायचे ठरवले, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये तेथील पत्रकारांनी संप केला. तरीही एप्रिल २०२५ मध्ये हस्तांतर झाले. टेलिग्राफच्या मालकीचा प्रश्न तर २०२३ पासून लोंबकळत राहिला. अबुधाबीच्या पैशाने तो समूह विकत घेतला जाणार, असे दिसताच परकीय सरकारांना ब्रिटिश वृत्तपत्रांची मालकी घेण्यास प्रतिबंध करणारा कायदा २०२४ मध्ये झाला. मालकाचा पत्ता नसलेल्या वृत्तकक्षात नवी भरती किती होईल, याची कल्पना महाराष्ट्रातील पत्रकाराला वेगळी द्यावी लागू नये.

या कपातीमागे जाहिराती इंटरनेटकडे गेल्या, हे जुने कारण आहेच. नवे कारण असे की गूगलवर प्रश्न विचारल्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर सर्वांत वर दिसते आणि वाचक बातमीच्या दुव्यापर्यंत येतच नाही. ज्या वृत्तपत्रांनी गेल्या दहा वर्षांत सारे गणित वाचकसंख्येवर बसवले, त्यांना याचा फटका सर्वांत आधी बसतो, आणि नवख्यांना घेणारी वृत्तपत्रे नेमकी तीच आहेत.

बीबीसीविषयी तुम्ही फार आदराने लिहिले आहे. तो आदर मलाही आहे. पण सध्या ती संस्था आपल्या भवितव्याच्या प्रश्नात गुंतलेली आहे. ज्या शाही सनदेनुसार ती चालते, तिची मुदत ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते आणि टीव्हीसाठी घरटी भरावे लागणारे वार्षिक परवाना शुल्क, जे एप्रिल २०२५ मध्ये १७४.५० पौंड झाले होते, पुढे कोणत्या स्वरूपात राहील, यावर देशात वाद चालू आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पॅनोरमा कार्यक्रमातील एका संकलनावरून महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस या दोघांनी राजीनामे दिले. डोनाल्ड ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणातील, पन्नासहून अधिक मिनिटांच्या अंतराने उच्चारलेले दोन भाग त्यात एकामागोमाग जोडले होते. तो जोड चुकीचाच होता, असे माझे मत आहे. डेस्कवर बसणाऱ्या प्रत्येकाने त्यातून एवढे ध्यानात घ्यावे की वेळ वाचवण्यासाठी केलेला एक सांधा सार्वजनिक संस्थेला किती महाग पडू शकतो. इंग्लंडमधील बीबीसीच्या ३९ स्थानिक रेडिओ केंद्रांचे दुपारनंतरचे कार्यक्रम एकत्र करण्याच्या निर्णयाविरुद्ध २०२३ मध्ये संप झाला होता. नवोदितांना आवाज मिळण्याची जागा तीच होती, म्हणून त्या कपातीचे मला जास्त दुःख आहे.

बीबीसी मराठीचा उल्लेख तुम्ही केला आहे. ती सेवा ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२४ पासून भारतीय भाषांचे काम कलेक्टिव्ह न्यूजरूम ही भारतात नोंदलेली कंपनी पाहते. त्यामुळे मराठी लेखनाच्या बळावर लंडनमध्ये नोकरी मिळेल, ही अपेक्षा सोडून द्यावी. ते काम करायचे असेल तर कोल्हापूरहून दिल्ली किंवा मुंबई गाठणे पुरेसे आहे.

आता तुमच्या न्यायालयीन बातमीदारीविषयी, कारण तुमची खरी कसोटी तेथे लागेल. आपल्याकडे अटक झाली की पोलिसांच्या हवाल्याने ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ असे दुसऱ्याच दिवशी छापून येते. येथे १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार अटक होताच प्रकरण ‘सक्रिय’ मानले जाते आणि ज्यूरीच्या, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मनावर गंभीर परिणाम होण्याचा ठोस धोका निर्माण करणारा मजकूर छापणे हा, हेतू काहीही असो, अवमान ठरतो. कबुली, पूर्वीचे गुन्हे, शेजाऱ्यांनी रंगवलेले स्वभावचित्र, हे सारे त्यात मोडते. डिसेंबर २०१० मध्ये ब्रिस्टलमधील एका तरुणीच्या खुनाच्या तपासात तिच्या घरमालकाला अटक झाली आणि काही वृत्तपत्रांनी त्याला जवळजवळ खुनी ठरवून टाकले; तो पूर्ण निर्दोष होता. त्या मजकुराबद्दल न्यायालयाने डेली मिररला ५०,००० आणि सनला १८,००० पौंड दंड केला. माझ्या पहिल्या वर्षी मी अशाच एका प्रकरणात आरोपीच्या जुन्या शिक्षेचा उल्लेख बातमीत ठेवला होता. रात्रीच्या उपसंपादिकेने तो परिच्छेद काढला, मला शेजारी बसवले आणि कायद्याचे पान उघडून दाखवले. त्या रात्रीपासून मी बातमी लिहिताना ती ज्यूरीच्या खुर्चीवरून वाचायला शिकलो.

म्हणून विद्यापीठ निवडताना इमारती आणि कॅमेरे पाहू नका. तो अभ्यासक्रम एनसीटीजे या प्रशिक्षण मंडळाची मान्यता असलेला आहे का, एवढे आधी पाहा. त्यात माध्यमकायदा, न्यायालयीन वार्तांकन आणि मिनिटाला १०० शब्दांच्या वेगाचे टीलाइन पद्धतीचे लघुलेखन शिकता येते. इंग्लंडमधील न्यायालयांत ध्वनिमुद्रणाला परवानगीशिवाय बंदी असल्याने लघुलेखन येथे आजही रोजच्या उपयोगाचे आहे.

तुमच्या पत्रातील एका गोष्टीने मला आशा वाटली. रस्तेदुरुस्तीच्या ठेक्यांवर माहिती अधिकाराचे अर्ज करून तुम्ही बातम्या केल्या आहेत. येथील माहितीस्वातंत्र्याचा कायदाही २००५ मध्येच अमलात आला, उत्तराची मुदत कामकाजाचे २० दिवस आहे, आणि कौन्सिलच्या, म्हणजे येथील पालिकेच्या अंदाजपत्रकातून बातमी शोधणारी माणसे फारच थोडी उरली आहेत. ही उणीव भरून काढण्यासाठी बीबीसीच्या पैशाने स्थानिक वृत्तपत्रांत कौन्सिलांच्या कामकाजाच्या बातम्या देणारे सुमारे १६५ ‘लोकशाही-बातमीदार’ नेमले जातात. ज्याने महापालिकेच्या स्थायी समितीच्या बैठकांना सहा वर्षे हजेरी लावली आहे, त्याला हे काम परके वाटणार नाही. मात्र तेथेही वेतन आणि प्रायोजकत्व यांचा प्रश्न आधी विचारून घ्यावा लागेल.

ओळखींचाही प्रश्न आहेच. शिक्षणातील समान संधीसाठी काम करणाऱ्या सटन ट्रस्ट या संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातील सुमारे ७ टक्के मुले खासगी शाळांत शिकतात, पण वृत्तपत्रांच्या स्तंभलेखकांत अशा शाळांतून आलेले ४४ टक्के होते. मला याचा त्रास झाला. एका वृत्तकक्षात सहा वर्षे काम करूनही भारताशी संबंध नसलेली मोठी बातमी माझ्याकडे क्वचित आली. पत्रकारांच्या एनयूजे या संघटनेचे सदस्यत्व मी घेतले, ते त्याच काळात. तुम्ही विद्यार्थी असतानाच घ्यावे.

माझा स्पष्ट सल्ला असा की घर तारण ठेवून येऊ नका. शुल्क, राहण्याचा खर्च आणि व्हिसासोबत वर्षाला भरावा लागणारा ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार यांचा बराच भाग शिष्यवृत्तीतून निघत असेल, तरच या. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीचा विचार केलात, तर तीत शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट आहे, हे धरूनच अर्ज करा; कर्जाविना मिळालेले ते एक वर्षही तुमच्यासारख्या बातमीदाराला पुष्कळ देईल. तोपर्यंत माहिती अधिकाराच्या तुमच्या तीन बातम्या, मूळ अर्ज आणि मिळालेली उत्तरे यांसह, इंग्रजीत नव्याने लिहून माझ्याकडे पाठवा. येथील संपादक त्यांतील कोणता परिच्छेद गाळेल आणि कोणता वर नेईल, ते मी ओळीनिशी लिहून कळवीन.