गोचीड आणि गाईची प्रतिकारशक्ती

शिरूर तालुक्यातून प्रश्न आला आहे: संकरित गाईच्या कासेवर, कानांत गोचिडांची गर्दी, पण त्याच गोठ्यातल्या खिलारीवर मोजकेच. गोचिडाने फक्त रक्त जाते की प्रतिकारशक्तीही घटते? दौंडहून विचारले आहे की, फवारणी करूनही गोचीड परत का येतात?

प्रतिकारशक्तीही घटते, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. गोचीड कातडीत तोंड खुपसून काही दिवस एकाच जागी बसतो. खरे तर तिथे खाज सुटायला हवी, सूज यायला हवी, पांढऱ्या पेशी धावून यायला हव्यात. पण त्याच्या लाळेतली काही प्रथिने रक्त गोठू देत नाहीत, काही खाज आणणाऱ्या हिस्टामिनला धरून ठेवतात, काही रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींची (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढ मंदावतात. अशा दबलेल्या जागेतूनच थायलेरियाचे आणि बबेसियाचे, म्हणजे गोचीड-तापाचे, जंतू आत शिरतात.

खिलारीसारख्या देशी गाईंची कातडी चाव्याला अधिक जोमाने उत्तर देते, त्यामुळे गोचिडांची बरीच पिल्ले रक्त पिऊन मोठी होण्याआधीच गळतात. होल्स्टीन संकरित गाय इथे कमी पडते. म्हणून तिचे कान, कास, शेपटीचे मूळ रोज हाताने चाचपा.

लाळ्या-खुरकुताची लस गोचिडांमुळे लांबवू नका. गोचीड आधीच आटोक्यात आणता आले तर उत्तम.

आता दौंडचा प्रश्न. तुम्ही गाय फवारली, गोठा राहिला. मादी रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, शेणाच्या आडोशाला हजारो अंडी घालते. फटी बुजवा, चुना मारा, गोठ्यातही फवारणी करा. औषधाचे प्रमाण बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच ठेवा. कमी मात्रेने गोचीड मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. फवारणीआधी जनावराला भरपूर पाणी पाजा, अंग वाळेपर्यंत चाटू देऊ नका, गव्हाणीतला चारा बाजूला काढा. पुढची फवारणी कधी, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशकाचे इंजेक्शन परस्पर देऊ नका, औषधाचा अंश दुधात उतरतो.

ताप १०४ फॅरनहाइटच्या वर, खांद्यापुढची गाठ सुजलेली, डोळ्यांचा आतला भाग पांढुरका किंवा लघवी कॉफीसारखी दिसली, तर त्याच दिवशी १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. औषधाआधी रक्ताची काच (काचेवर घेतलेला रक्ताचा नमुना) तपासून घ्या.