लढायांच्या मराठी व्हिडिओत गेममधली दृश्यं वापरून जाहिरातीचे पैसे घेता येतात का?

तुमचा यूट्यूब चॅनल मॉनिटाइझ झालाय (म्हणजे जाहिरातींचे पैसे मिळू लागलेत), पानिपतावर मराठीत व्हिडिओ करायचाय आणि मागे 'एम्पायर: टोटल वॉर' या गेममधल्या लढाया चालवायच्या आहेत. खाली 'फक्त शैक्षणिक हेतूसाठी' असं लिहिलं की भागेल का, हा तुमचा प्रश्न.

त्या ओळीने काही भागत नाही. मी नारायण पेठेत एका खोलीत बसून लोकांचे व्हिडिओ एडिट करतो, आणि येणाऱ्या बहुतेकांना ती ओळ म्हणजे कवचकुंडलं वाटतात. 'श्रेय दिलंय' याचंही तेच. श्रेय द्यावं, चांगली गोष्ट आहे, पण श्रेय म्हणजे परवानगी नव्हे.

तुम्ही पैसे मोजून घेतलात तो खेळण्याचा परवाना. घोडे, तोफा, धूर, नकाशे ही चित्रं कंपनीचीच राहिली. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे ती खासगी वापर, संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा कामांना. शिकवण्यासाठीही आहे, पण ती शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातल्या अध्यापनाच्या ओघात. जाहिराती लावलेला चॅनल त्यात बसवणं अवघड. तुम्ही त्या गेमबद्दलच बोललात, 2009 च्या या गेममध्ये मराठे कसे रंगवलेत, कुठे फसलेत, तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. पानिपताची गोष्ट सांगताना मागचा पडदा म्हणून तीच दृश्यं लावलीत, तर समीक्षा कशाची केली म्हणणार?

मग इतके लोक कमावतात कसे? कंपन्या चालवून घेतात म्हणून. त्यांच्या मालाची फुकट जाहिरात होते. काहींनी तसं लिहूनही ठेवलंय. वाल्व म्हणते, व्हिडिओ बघायला पैसे लावू नका, यूट्यूबच्या जाहिरातींचे मिळाले तर घ्या. निन्टेन्डोने 2018 साली असेच नियम काढले, पण तुमची स्वतःची भर हवी. नुसतं खेळून टाकलेलं नको. मायक्रोसॉफ्टच्या नियमांत जाहिरातींचं उत्पन्न चालतं, शिवाय व्हिडिओसोबत एक ठरावीक सूचना द्यावी लागते. मायक्रोसॉफ्टचा 'एज ऑफ एम्पायर्स' वापरणार असाल तर हे तुमच्या कामाचं. मात्र एकीची मुभा दुसरीला लागू नाही, आणि दिलेली मुभा काढूनही घेता येते. ओटा वापरायला दिलाय, सातबारा तुमच्या नावावर नाही.

इथे एक फरक लोक हमखास विसरतात. स्वतः खेळून स्क्रीन रेकॉर्ड करणं वेगळं, आणि गेमच्या फायली फोडून त्यातला घोडेस्वार, पोत (वस्तूंवर चढवलेली चित्रं), नकाशा उचलून आपल्या ॲनिमेशनमध्ये बसवणं वेगळं. मायक्रोसॉफ्टचे नियम असं फोडून काढायला साफ मनाई करतात. नेटवर कोणीतरी ठेवलेले 'फ्री स्प्राइट' (गेममधली सुटी चित्रं) हे बहुधा असेच फोडलेले असतात. ठेवणाऱ्याचे नसतात, मग तो देणार काय?

माझा स्वतःचा हात भाजला तो चित्रांमुळे नाही, गाण्यामुळे. एका रेसिंग गेमची दृश्यं वापरली होती. गाडीतला रेडिओ चालू राहिला. जेमतेम पंधरा सेकंद! व्हिडिओ गेला नाही, स्ट्राइकही (यूट्यूबची कॉपीराइटबद्दलची ताकीद) आला नाही. क्लेम, म्हणजे मालकाचा दावा, आला आणि जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे वळले. शेवटी यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळायच्या पानावर) जाऊन तेवढं गाणं म्यूट केलं, तेव्हा क्लेम सुटला. गेम कंपनीने व्हिडिओला हो म्हटलं तरी आतली गाणी अनेकदा तिसऱ्याच कोणाची असतात. क्लेममध्ये साधारणपणे पैसे जातात. स्ट्राइकचं प्रकरण जड, 90 दिवसांत तीन झाले की चॅनलच जाऊ शकतो.

कथाप्रधान गेमपासून जास्तच लांब राहा. जपानमध्ये 2023 साली सेंदाईच्या न्यायालयाने एका यूट्यूबरला दोन वर्षांची (स्थगित) कैद आणि दहा लाख येन दंड केला. त्याच्यावरच्या आरोपांत 'स्टाइन्स;गेट' मालिकेतल्या एका गेमचे शेवटासकट टाकलेले व्हिडिओ होते, जाहिरातींसह. लढाईच्या गेमला शेवट कळला म्हणून फार बिघडत नाही. कादंबरीसारख्या गेममध्ये शेवट हाच माल.

यूट्यूबचा स्वतःचा निकष निराळाच आहे. कोणी क्लेम केला नाही तरी नुसतं गेमप्ले लांबच्या लांब चालवलं तर मॉनिटायझेशन नाकारलं जाऊ शकतं. तुमचं निवेदन सलग असेल तर ही चिंता कमी. (बाकी कंपनीचा वकील यायच्या आधी सदाशिव पेठेतलं कोणीतरी कमेंटमध्ये येऊन भाऊंची पगडी चुकली हे सांगून जाईल, त्याची तयारी ठेवा.)

'टोटल वॉर'ची प्रकाशक सेगा आहे. तिचे व्हिडिओबद्दलचे नियम आधी वाचा आणि त्या दिवशीचं पान पीडीएफ करून ठेवा, उद्या नियम बदलले तर दाखवायला असावं. शंका राहिली तर सरळ मेल टाका. रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी सेटिंगमध्ये म्युझिक शून्यावर आणा, तोफांचा आवाज ठेवा.