शवासनात घाबरायला होतं, मग योगा सोडायचा का?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. "मॅडम, टेन्शन कमी व्हावं म्हणून योगा लावला आणि डोळे मिटून पडलं की छातीत धडधडायला लागतं, माझं काही जास्तच बिघडलंय का?" नाही हो. पण "करत राहा, होईल सवय" असंही मी आता सांगत नाही, पूर्वी बिनधास्त सांगायचे, एका पेशंटमुळे ते बंद झालं.

त्यांना इथे दादा म्हणते. लिहू का म्हणून त्यांना विचारलंय आणि ओळख पटू नये म्हणून थोडंफार बदललंय. पंचेचाळिशी उलटलेली, लोकलचे मोटरमन, मूळचे साताऱ्याकडचे. दादरला माझ्याकडे वहिनीच घेऊन आल्या. घरात बोलत नाहीत, मुलावर खेकसतात, सकाळची ड्युटी नसली तरी रात्री तीनला उठून बसतात. पंधरा दिवस रजा काढली तर अजूनच वाईट झालं. मग शेजारच्यांनी सुचवलं म्हणून सोसायटीच्या हॉलमधल्या योगाला घातलं, तिथून चौथ्या दिवशी शवासनातून उठले आणि चप्पल तिथेच ठेवून अनवाणी घरी आले.

पहिली दोन सेशन्स ते फक्त ड्युटीचं बोलले. फास्ट, स्लो, कुठल्या सिग्नलला किती वेळ, पावसात काय होतं, पहाटेची पहिली गाडी. मला वाटलं हे सरळसरळ बर्नआऊट आहे. २०१९ मधे जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआऊटची व्याख्या दिली ती अशीच आहे, पार थकून जाणं, कामावरून मन उडणं आणि आपल्याच्याने आता नीट होत नाही असं वाटणं, आणि तो आजार नाही, कामाच्या ताणातून येणारी अवस्था आहे असंही स्पष्ट म्हटलंय. पण नुसतं तेवढंच असतं तर रजेत निदान थोडं तरी बरं वाटायला हवं होतं ना. इथे उलटं, जितकी शांतता तितका त्रास. आणि मी काय केलं, तर दुसऱ्याच सेशनला डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावला. अर्ध्या मिनिटात घामाघूम. चूक माझीच होती, मी विचारलंच नव्हतं की डोळे मिटल्यावर काय दिसतं.

ते तिसऱ्या सेशनला आलं. नोकरीत तीनदा माणूस गाडीखाली आलेला. मुंबईच्या लोकल रेल्वेवर गेली काही वर्षं दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसं जातायत, आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो, पण त्यातल्या कितीतरींच्या समोर काचेमागे एक माणूस बसलेला असतो हे कधी डोक्यातच येत नाही. हॉर्न वाजवायचा, इमर्जन्सी ब्रेक लावायचा, आणि तरी भरधाव लोकल काही तिथल्या तिथे थांबत नाही. मधे जी काही सेकंदं जातात त्यात करण्यासारखं काहीच उरत नाही. तिसऱ्या वेळच्या मुलाने वर बघितलं होतं. तेवढंच सांगितलं त्यांनी, मीही पुढे खोदलं नाही.

मग म्हणाले, "माझी चूक नाही हे डोक्याला कळतं मॅडम, हाताला कळत नाही."

तेव्हा मी हाताकडे बघितलं. खुर्चीच्या दांड्यावर पंजा असा दाबून धरलेला की नखं पांढरी पडलेली. मोटरमनला गाडी चालवताना हँडल दाबून धरावं लागतं, हात सुटला की ब्रेक लागतात, डेडमॅन हँडल म्हणतात त्याला. हा माणूस घरी, ट्रेनमधे, शवासनात, सगळीकडे ते हँडल दाबूनच बसलेला होता आणि आपण त्याला सांगतोय हातपाय सैल सोडा!

त्यानंतर सगळं बदललं. झोपेसाठी आधी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, कामाचंही त्यांनीच लिहून दिलं आणि काही महिने मेन लाइनपासून दूरची ड्युटी मिळाली. योगासाठी माझ्या ओळखीच्या एक ताई आहेत, त्या न विचारता अंगाला हात लावत नाहीत. डोळे उघडे, खुर्चीत बसून, तळवे जमिनीला टेकलेले, श्वास चार आकडे आत आणि सहा बाहेर, नको वाटलं तर मधेच थांबायचं, कारण सांगायचं नाही. भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडणं, केली तर ती हॉर्नसारखी वाटली, सोडून दिली. खिडकीशी उभं राहून टाचा उचलायच्या, हे मात्र त्यांना आवडलं, का ते मला आजही माहीत नाही.

आणि माती. हे आपलं सहज सुचलं, जून महिना होता, लालबागला गणपतीच्या कारखान्यातून शाडूचा गोळा मागून आणला. पहिले तीन आठवडे त्यांनी नुसता गोळा दाबला, बोटांचे ठसे उठलेला गोळा तसाच ठेवून जायचे. मग एकदा बोलता बोलता बैल झाला, लहानपणी बेंदराला करायचे तसा. शिंगं करताना दाबून चालत नाही, तुटतात, बोटं हलकी सोडावी लागतात. बैल वळता वळता ते त्या मुलाबद्दल जेवढं बोलले तेवढं समोरासमोर बसून कधीच बोलले नसते.

नुसता योगा पुरेल का असंही लोक विचारतात. मानसोपचारतज्ज्ञ बेसल व्हॅन डर कोल्क यांच्या टीमने अमेरिकेत जुन्या ट्रॉमाच्या, म्हणजे मनावर खोल आघात झालेल्या, ६४ बायकांवर अभ्यास केला, २०१४ मधे छापून आला, आठवड्याला एक तास, दहा आठवडे. योगाच्या गटातल्या निम्म्याहून थोड्या जास्त जणी पीटीएसडीच्या, म्हणजे अशा आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजाराच्या, निकषातून बाहेर आल्या, दुसऱ्या गटात पाचात एक. पण तिथेही योगा बाकीच्या उपचारांच्या जोडीला होता, ऐवजी नाही. म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, आणि कुणाशीच बोलायची सोय नसेल तर १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

दादा आठएक महिन्यांनी परत गाडीवर गेले. एका पायाने अधू बैल माझ्या टेबलावर आहे, सुकताना पाय मोडला, ओला लगदा लावून जोडलाय तो दिसतो. शवासन ते अजूनही करत नाहीत. शेवटची दहा मिनिटं भिंतीला टेकून, डोळे उघडे ठेवून बसतात, ताई काही म्हणत नाहीत.