सनावळ्या, सुनीत आणि वजा एक

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच परीक्षेबद्दल आहेत. बहुतेक केंद्रीय विद्यापीठांत एमए इंग्रजीला प्रवेश हवा असेल, तर सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि 'अभ्यास नेमका कुठून सुरू करू' या प्रश्नाने पत्र लिहिणारे सगळेच हैराण झालेत. त्यातली चार पत्रं घेते. मूळ पत्रं लांब होती, मी ती मुद्द्यापुरती ठेवली आहेत.

प्रश्न : मॅडम, मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण ओढा इंग्रजी साहित्याकडे आहे. मित्राच्या नोट्समधून लेखक, पुस्तकं, सालं असं पाठ करतोय. रात्री सगळं येतं, सकाळी एकात एक मिसळलेलं असतं. 'कालानुक्रमे लावा' असा प्रश्न दिसला की हातपाय गळतात. पाठांतराची एखादी युक्ती सांगाल?

पाठांतराची युक्ती सांगणार नाही. त्या नोट्स काही दिवस कपाटात टाक, एवढं मात्र सांगते. नोट्स खोट्या नसतात, पण त्यात प्रत्येक पुस्तकाला सारखीच जागा असते. डोक्यात सगळं एका रांगेत उभं राहतं आणि मग कोण कोणाच्या पुढे, ते कळेनासं होतं.

त्याऐवजी कागदावर चार नाटकं लिही. मार्लोचं 'डॉक्टर फॉस्टस', काँग्रीव्हचं 'द वे ऑफ द वर्ल्ड', गोल्डस्मिथचं 'शी स्टूप्स टू काँकर' आणि वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'. सालं बघू नकोस, नाटकं उघड. चारही जुनी असल्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहेत. पूर्ण वाचायला वेळ नसेल, तर प्रत्येकातला एकेक प्रवेश वाच, पण मूळ इंग्रजीत, मोठ्याने.

फॉस्टस सैतानाला आत्मा विकतोय, चांगला देवदूत आणि वाईट देवदूत रंगमंचावर येऊन त्याला दोन्हीकडून ओढतायत. ही जुन्या धार्मिक नाटकांची उरलेली खूण. म्हणजे आपण सोळाव्या शतकाच्या अखेरीला आहोत. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका मुलगे करायचे. पुढे 1642 मध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि प्युरिटन मंडळींनी नाटकगृहांना टाळं लावलं. ते 1660 मध्ये राजा परत आल्यावर उघडलं आणि मग इंग्लंडच्या रंगभूमीवर नट्या आल्या. आता काँग्रीव्हकडे ये. मिलामंट आणि मिराबेल लग्नाच्या अटी ठरवतायत. ती म्हणते, सकाळी मला हवं तितका वेळ मी लोळणार, आणि चारचौघांत मला लाडाच्या नावांनी हाका मारायच्या नाहीत. या तोडीस तोड संवादांत बाईला तितकंच वजन आहे, कारण ती भूमिका एका खऱ्या नटीसाठी लिहिली होती. साल 1700. एकदा ती मिलामंट कानात बसली की हे नाटक 1642 च्या आधी टाकायची तुझी हिंमतच होणार नाही.

गोल्डस्मिथपर्यंत येताना विनोदी नाटकात लोक रडायला लागले होते. खोटं वाटेल, पण अठराव्या शतकातल्या भावुक सुखात्मिकांचा तोच बाज होता : सगळे सज्जन, सगळ्यांचे डोळे ओले. गोल्डस्मिथला ते पटत नव्हतं. त्याने 1773 मध्ये हसवणाऱ्या नाटकाची बाजू घेत निबंध लिहिला आणि त्याच वर्षी हे नाटक रंगमंचावर आणलं. परीक्षेत 'भावुक सुखात्मिकेविरुद्धची प्रतिक्रिया' असे शब्द दिसले की त्याची आणि त्याच्याच काळातल्या नाटककार शेरिडनची आठवण झाली पाहिजे.

खरी गंमत वाइल्डची. त्याचे संवाद इतके चुरचुरीत आहेत की नवखा विद्यार्थी त्याला थेट काँग्रीव्हच्या शेजारी नेऊन बसवतो. पण नायक तान्हा असताना कुठे सापडला? व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात, एका हँडबॅगेत. आगगाडीचं स्टेशन आलं म्हणजे आपण एकोणिसाव्या शतकात आहोत, विषय मिटला. (1895, तुला आकडा हवाच असेल तर.) बघ, चार नाटकं लागली ओळीने. सालं शेवटी वहीत लिहून ठेव, त्यांना आता टांगायला खुंटी आहे.

समीक्षेच्या सिद्धांतांचंही तसंच. तिथे 'कोण कोणाशी भांडतंय' एवढंच विचारायचं. विमसॅट आणि बिअर्डस्ली 1946 मध्ये म्हणाले की कवितेचं मोल ठरवताना कवीचा हेतू शोधत बसू नका, कविताच वाचा. बार्थ 1967 मध्ये आणखी पुढे गेला : लेखक गेला, अर्थ वाचकाकडे आला. मग फुकोने 1969 मध्ये विचारलं, लेखक गेला म्हणता, पण मुखपृष्ठावरचं ते नाव अजून काय काय कामं करतंय? पर्यायांत विमसॅट-बिअर्डस्ली आणि बार्थ यांची सरमिसळ केलेली असते, कारण वरवर दोन्ही बाजू लेखकाला बाजूला सारतात. फरक पुढचा आहे. विमसॅट-बिअर्डस्ली संहितेपाशी थांबतात, बार्थ वाचकापाशी जातो.

आणि हो, बीकॉमवाल्याला एमए इंग्रजीला घ्यायचं की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. अभ्यासाला बसण्याआधी तुला हव्या असलेल्या विद्यापीठाची पात्रतेची अट वाच.

प्रश्न : चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. क्लासमध्ये सांगतात, खात्री नसेल तर हात लावू नका. पण मग माझे निम्मे प्रश्न कोरेच राहतात.

क्लासमध्ये कोणी गणित केलेलं दिसत नाही. 2025 च्या पद्धतीप्रमाणे 75 प्रश्न, 90 मिनिटं, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर वजा 1, कोरं सोडलं तर शून्य. चार पर्यायांतला एक तू नक्की खोडू शकतेस, असे तीन प्रश्न घे. उरलेल्या तिन्हींतून अंदाजाने सोडवलेस तर सरासरी एक बरोबर येईल, दोन चुकतील. 4 वजा 2, म्हणजे 2 गुण पदरात. दोन पर्याय खोडता आले, तर दोन प्रश्नांतला एक बरोबर : 4 वजा 1, म्हणजे 3 गुण. कोरं सोडणं इथे तोट्याचंच आहे. अगदी डोळे मिटून मारलेल्या चार उत्तरांतही सरासरीने एक गुण वर राहतो, पण त्यात नशिबाचा भाग एवढा असतो की त्या वाटेला जाऊ नकोस.

जोड्या लावायच्या प्रश्नात एक जोडी पक्की माहीत असली, तर बहुतेक वेळा निम्मे पर्याय तिथेच गळतात. मनात चारही जोड्या जुळवण्यात दोन मिनिटं घालवू नकोस.

प्रश्न : मॅडम, माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी माध्यमात झालं. साहित्याचं वाचते, पण ध्वनिशास्त्र उघडलं की बायलेबियल, व्हीलर, अल्व्हिओलर असे शब्द बघूनच पुस्तक मिटते. छंदाचंही तेच. कॉन्व्हेंटच्या मुलींपुढे माझा काय टिकाव लागणार?

पहिलीत फळ्यासमोर उभी राहून तू क, ख, ग, घ म्हटलंस ना? मग व्हीलर, बायलेबियल वगैरे सगळं तुला तेव्हाच शिकवून झालंय, नावं तेवढी नवी आहेत.

आत्ता मोठ्याने म्हण : क, च, ट, त, प. जीभ कुठे कुठे लागते ते बघत म्हण. 'क'ला घशाजवळ, 'च'ला टाळूला, 'ट'ला जिभेचं टोक वर वळून, 'त'ला दातांना, 'प'ला नुसते ओठ. आपली वर्णमाला तोंडाच्या आतून बाहेर अशी लावली आहे. व्हीलर म्हणजे 'क'चा वर्ग, बायलेबियल म्हणजे 'प'चा. आता एकच ओळ आडवी घे : प, फ, ब, भ, म. गळ्यावर बोट ठेव. पहिल्या दोघांना कंप नाही, पुढच्या दोघांना आहे, शेवटचा नाकातून. अघोष, घोष, अनुनासिक झालं सगळं. इंग्रजीची भर थोडीच आहे : त्यांचा 'टी' आपल्या 'ट' आणि 'त'च्या मधे, वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर लागतो, त्यालाच अल्व्हिओलर म्हणतात. आणि 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, 'डब्ल्यू'ला ओठ गोल होतात. आपण दोन्हींना 'व' म्हणून मोकळे होतो, प्रश्न नेमका तिथेच येतो.

एक प्रयोग कर. कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धर आणि 'पिन' म्हण, पण इंग्रज म्हणेल तसं, जोर लावून. पट्टी हलेल. मग 'स्पिन' म्हण, ती जवळपास स्थिर राहील. इंग्रजीत 'प'चे हे दोन उच्चार जागा बघून येतात, त्यांच्या अदलाबदलीने अर्थ बदलत नाही. म्हणून ते एकाच ध्वनीचे दोन अवतार, म्हणजे अ‍ॅलोफोन. आपल्याकडे मात्र 'पळ' आणि 'फळ' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे ('फ' ओठ मिटून म्हण, इंग्रजी 'एफ' नको), म्हणून मराठीत ते दोन स्वतंत्र ध्वनी, फोनीम. कॉन्व्हेंटच्या मुलीला ही व्याख्या पाठ करावी लागते. तुला ती नुसती आठवायची आहे.

छंदात मात्र मराठी कान फसवतो, तेवढं सांभाळ. आपण लघु-गुरू मोजतो, म्हणजे अक्षराला किती वेळ लागला ते. इंग्रजी कविता आघात मोजते. शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीताची (सॉनेटची) पहिली ओळ घे : 'शॅल आय कम्पेअर दी टू अ समर्स डे'. बोटांवर मोज, दहा अवयव (सिलेबल). आता टाळी वाजवत म्हण, एक सोडून एक : शॅल-आय, कम्-पेअर, दी-टू, अ-सम, मर्स-डे. पाच टाळ्या, प्रत्येकीच्या आधी एक हलका अवयव. हाच आयँबिक पेंटामीटर. मग हॅम्लेटची ती प्रसिद्ध ओळ मोज, 'टू बी ऑर नॉट टू बी, दॅट इज द क्वेश्चन'. अकरा भरतात. शेवटचा हलका अवयव ज्यादा आहे, आणि परीक्षक नेमकं त्याचंच नाव विचारतात : फेमिनाइन एंडिंग. यमकांची रचना चौदा ओळींत अबअब कडकड इफइफ गग अशी दिसली, तर शेक्सपिअरची धाटणी. पहिल्या आठ ओळी अबबअ अबबअ अशा असल्या, तर पेट्रार्कची. केशवसुतांनी सुनीत मराठीत आणलं, ते शाळेत वाचलंच असशील.

टिकावाचं म्हणशील, तर रससिद्धांतावर प्रश्न आला की तुझं पारडं जड. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत. शांत हा नववा नंतर आला आणि अभिनवगुप्ताने त्याला मानाचं स्थान दिलं. पर्यायांत 'नऊ' टाकून फसवतात. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' इंग्रजीच्या कितीतरी अभ्यासक्रमांत भाषांतरातून शिकवतात, तू ते मुळातून वाच. कोलटकरांची 'जेजुरी' (1976) मात्र मुळात इंग्रजीतच लिहिलेली आहे, तिला भाषांतर समजून चूक करू नकोस.

प्रश्न : माझी मुलगी ही परीक्षा देणार आहे. क्लासवाले बरीच मोठी रक्कम सांगतात. शिवाय तिने नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचं एक जाडजूड गाईड आणलंय. दोन्ही गरजेचं आहे का?

गाईडने भागणार नाही. नेट ही साधारणपणे एमएनंतरची परीक्षा. तिथे 150 प्रश्न असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे तिची तयारी वेगळ्या अंगाने होते. मुलीला ते संदर्भाला ठेवू द्या, रोज उघडायला नको. क्लासचं म्हणाल, तर तिला कोणी बसवल्याशिवाय बसवत नसेल तरच लावा. नाहीतर परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावरून इंग्रजीचा अभ्यासक्रम उतरवून घ्या (पेपरचा संकेतांक एलएक्यूपी-01), मागच्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि दर रविवारी तिला 90 मिनिटं घड्याळ लावून बसू द्या. चुकलेला प्रत्येक प्रश्न ज्या पुस्तकातला असेल, त्यातली दोन पानं तिने त्याच दिवशी वाचावीत. 2025 मध्ये परीक्षा मार्चमध्ये झाली, म्हणजे पदवीच्या शेवटच्या सत्राच्या ऐन मध्यात, हे धरून वेळापत्रक आखा.

तुमच्याकडून एक काम हवं आहे, कारण मुलं ते विसरतात. सीयूईटीचा निकाल लागला की आपोआप कुठेही प्रवेश मिळत नाही. दिल्ली विद्यापीठ असो की जेएनयू, प्रत्येकाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते आणि प्रत्येकाची मुदत वेगळी असते. चांगले गुण असूनही केवळ ही नोंदणी राहिली म्हणून मुलं बाहेर राहतात. त्या तारखा तुम्ही स्वतः लिहून ठेवा, आणि जात प्रवर्गाचं किंवा नॉन-क्रीमीलेअरचं प्रमाणपत्र लागणार असेल, तर ते केंद्राच्या नमुन्यातलं काढा. राज्याच्या नमुन्यातलं चालेल असं गृहीत धरू नका. तहसील कार्यालयाच्या फेऱ्या आत्ताच सुरू केलेल्या बऱ्या.