लहान मुलांचं नाव एकापेक्षा जास्त एजन्सींकडे द्यावं का?

तुम्ही विचारलंय की मुलगी सात वर्षांची आहे, जाहिरातींत काम मिळवून देणारी एक एजन्सी तीन वर्षांचा एक्सक्लुझिव्ह करार (म्हणजे काम फक्त त्यांच्यामार्फतच घ्यायचं) मागतेय आणि आणखी दोन कोऑर्डिनेटरांचे फोन येताहेत, तर सगळीकडे सही करावी का. माझ्या मुलाने सहा ते दहा वर्षांचा असताना जाहिराती केल्या. ऑडिशनसाठी डोंबिवलीहून वर्सोव्याच्या आराम नगरला खेटे घालून जे कळलं तेवढं सांगते.

नाव खुशाल चौघांकडे द्या, सही मात्र जपून. जाहिरातींसाठी मुलं पाठवणारे बरेचसे कोऑर्डिनेटर कुणाला बांधून घेत नाहीत. फोटो, वय, उंची, भाषा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की झालात यादीत. काम लागलं की कमिशन कापतात. आमचे २० टक्के जायचे.

घोळ होतो तो एकाच कामासाठी दोघांनी नाव पाठवलं की. एका बिस्किटाच्या जाहिरातीसाठी सकाळी एकाचा मेसेज आला, मी हो म्हटलं. संध्याकाळी दुसऱ्याचा आला, "मुलगा, ६ ते ८, फूड ब्रँड". ब्रँडचं नाव नव्हतं, मी तिथेही हो म्हटलं. पोरगा शॉर्टलिस्ट झाला आणि दोघेही कमिशनवर हक्क सांगायला उभे! कास्टिंगवाल्यांनी सरळ दुसरा मुलगा घेतला. आमचा मात्र आठवडाभर जाहिरातीतली ओळ घरभर म्हणत फिरत होता.

तेव्हापासून मी वही केली. तारीख, कुणाचा फोन, कुठलं प्रॉडक्ट, कुठलं प्रॉडक्शन हाऊस. आधी कळवलं त्याचं काम. दुसऱ्याला "हे आलंय आमच्याकडे" एवढं सांगायचं. कुणी रागावत नाही. एका चॉकलेटची जाहिरात चालू असताना दुसऱ्या चॉकलेटची करता येत नाही, अशी अट बहुतेकदा असते. दुसऱ्या कोऑर्डिनेटरला ते माहीत नसतं, सांगायचं आपणच.

तासांचंही तसंच. बालकामगार कायद्याच्या नियमांप्रमाणे मुलाकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. सकाळी एकाने एका सेटवर पाठवलं, दुपारी दुसऱ्याने दुसरीकडे, तर बेरीज कोण करणार? कमाईतले निदान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावे एफडीत जायला हवेत, तेही प्रत्येक कामाला विचारून घ्या.

आता करार. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला करार करता येत नाही, म्हणजे कागदावर सही तुमची आणि अडकणारही तुम्ही. दोन कलमं आधी शोधा: तुम्ही स्वतः मिळवलेल्या कामावरही त्यांचं कमिशन आहे का, आणि मधेच बाहेर पडायचं तर काय. एजन्सी खरंच नियमित काम देत असेल तर सहा महिन्यांचा करार मागून बघा. पोर्टफोलिओच्या (फोटोंच्या संचाच्या) नावाखाली आधी पैसे मागत असतील तर तिथेच नमस्कार करा.

तीन वर्षं मात्र मी देणार नाही. या वयात चेहरा सहा महिन्यांत बदलतो. आमच्याकडे पुढचे दोन दात पडले आणि चार महिने फोन वाजलाच नाही. मग एका टूथपेस्टवाल्यांना नेमका दात पडलेलाच मुलगा हवा होता. तो फोन आला तिसऱ्याच कोऑर्डिनेटरचा, ज्याला आम्ही जवळजवळ विसरलो होतो.